भामाला मध्ये कोणी चालत नसे

माझी बायको भामा परदेशात वारली. कॅनडात. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण लोक दारात येऊन उभे राहतात, पावसापाण्याचं बोलतात, मासळीच्या भावाचं बोलतात आणि मग चप्पल घालता घालता हळूच विचारतात, "खरा काय ता?" खरं आहे. आता परत कोणी विचारू नये. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. उभा जन्म ट्रॉलरवर गेला, आता ओसरीत बसून जाळी सांधतो. लिहायचा मला सराव नाही. पण तिच्या बाराव्याला जमलेल्या लोकांनी तिचं जे कौतुक मांडलं, ते ऐकून माझं डोकं उठलं. शांत बाई म्हणे. देवमाणूस म्हणे. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही म्हणे. भामा? जे हे बोलत होते त्यांतल्या निम्म्यांना तिने मालवणच्या बाजारात कधी ना कधी शिव्या घातलेल्या आहेत. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं हे मला कळतं, पण दुसऱ्याच कोणा बाईबद्दल बोलू नये.

भामा मासे विकायची. किनाऱ्यावर लिलाव लागला की बाकीच्या बायका दलालाकडून टोपली उचलत. दलाल सगळ्यांचा ओळखीचा, उधारी सांभाळणारा, अडीनडीला उभा राहणारा. भामा त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. होडी टेकली की लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात जायची आणि थेट तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, बोलायची. माशाचा कल्ला उचलून आत बघायचा, लाल असेल तर घ्यायचा, नसेल तर तोंडावर सांगायचं, "ह्या कालचा आसा." पन्नास माणसांत सांगायचं. तांडेल तिच्यावर चिडत आणि दुसऱ्या दिवशी तिलाच हाक मारत.

तीच रीत माणसांना. नवा माणूस घरी आला की ती त्याचा कल्लाच उचलायची. तू कोणाचो, खंय रवतंस, काय करतंस, आणि ह्या सांगूक तुका कोणी धाडल्यान? ह्या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ लोक अडकत. विमावाले अडकले, मतं मागायला आलेले अडकले, आमच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलेले एक गुरुजी तर चहा अर्धा टाकून गेले. "ज्याका चेडू व्हया तेणा येवचा," असं तिने त्यांना सांगितलं. मुलीने पुढे स्वतःच जमवलं, तेव्हा भामाने जावयाचीही अशीच उलटतपासणी केली आणि पास केला. कारण काय, तर तो एकटा आला होता.

देवालाही तिने सोडलं नाही. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते गुरव घालतो. तुमची अडचण तुम्ही त्याला सांगायची, तो देवापुढे उभा राहून ती मोठ्याने मांडतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. आमची वैशाली नर्स होऊन नोकरीला लागली तेव्हा भामा नारळ घेऊन गेली. गुरवाने सुरुवात केली की लेकराला नोकरीत यश दे, बरकत दे. भामाने त्याचा दंड धरला.

"मेल्या, अर्धाच सांगतंस. चेडू रातपाळी करता, पाठ दुखता, जेवणाक वेळ नाय, ता कोण सांगतलो?"

"अगो बाय, गाऱ्हाणा मी घालतंय मां?"

"तुका काय म्हायत तिची पाठ? बाजूक हो."

आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहून तिने देवाला मुलीच्या पाठीचं सगळं सांगितलं, कुठल्या मणक्यात कळ येते इथपर्यंत. मागच्या लोकांना काय करावं कळेना. सवयीने ते "व्हय म्हाराजा" म्हणत राहिले. मी खांबाआड उभा होतो.

आणखी एक. ती रागावली की शुद्ध मराठी बोलायची. एरवी घरात, बाजारात आमची मालवणी. तहसीलदार कचेरीत, बँकेत सगळेच जरा शुद्ध बोलतात, ते वेगळं. भामाचं शुद्ध मराठी म्हणजे धोक्याचा बावटा. "मेल्या, शिरा पडो तुझ्या तोंडार" असं म्हणाली तर समजायचं सगळं ठीक आहे, चहा मिळेल. "आपण जेवून घ्यावं" असं मला म्हणाली की मी मुकाट्याने जेवून जाळ्यांच्या खोपीत जाऊन बसायचो.

आता बाबीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबी हा भामाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण तापाने गेली तेव्हा तो रांगत होता. बाप मुंबईला गेला, त्याने दुसरा संसार केला. भामा पोराला काखेत मारून आमच्या घरी घेऊन आली. मला विचारलं नाही. वैशाली तेव्हा शाळेत जायला लागली होती. दोघं एका ताटात जेवून मोठी झाली. बाबी आता रिक्षा चालवतो, आमच्याच घरात राहतो, माझ्या औषधाच्या गोळ्या तोच आणतो. पण भामाने त्याला कधी आपल्याला आई म्हणू दिलं नाही. एकदा शेजारच्या काकीने त्याला शिकवलं, "अरे, आये म्हण तिका." भामा काकीवर अशी धावून गेली, "तेची आवस येगळी होती. ती मेली म्हणान तिचा नाव पुसूचा काय?" मावशी म्हणजे मावशीच. हे ध्यानात ठेवा, कारण हीच बाई पुढे काय करते ते बघा.

वैशाली लग्नानंतर कॅनडाला गेली. तिथेही नर्सच. पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. मग एकदा तिचा फोन आला, दिवस गेलेत, डॉक्टरांनी अंथरुणावर पडून राहायला सांगितलंय. तिची सासू नाही. नवऱ्याला सुट्टी किती मिळणार? फोनवर रडली. "आई, तू ये."

आमच्याकडे बाळंतपण म्हणजे आईचं काम. ते भामाने दुसऱ्या कोणावर सोडलं असतं असं वाटत असेल तर तुम्ही हे लिहिलेलं नीट वाचलं नाही. वैशालीने समजावून सांगितलं की आधी व्हिसाचा अर्ज करावा लागेल, तो किचकट असतो, कुडाळला एक डिसोजाबाई आहेत, हेच काम करतात, त्यांच्याकडे जा.

"म्हंजे दलाल," भामा म्हणाली.

"दलाल नाही गं, आई. सल्लागार."

"दलालाक शिकलेले लोक तसाच म्हणतत."

मी म्हटलं, जाऊन बघूया. मी म्हटलं, आपल्याला इंग्रजी येत नाही, तिकडचे कायदे माहीत नाहीत, पोर पोटुशी आहे, चूक झाली तर दिवस फुकट जातील. सगळं म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या चेडवाकडे जावचा तर तेच्यात तिसरी बायल कित्याक?" झालं. बोलणं संपलं.

मग आमच्या ओसरीवर अर्ज भरायला सुरुवात झाली. अर्ज मोबाइलवर. मोबाइल बाबीचा. पण किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला जसा दिसेल तो माणूस दोराला हात लावतो, तशी सगळी वाडी जमली. शाळेतून रिटायर झालेले एक मास्तर इंग्रजी वाचत, बाबी बोट लावी, शेजारची काकी चहा करी आणि ज्याला काहीच येत नव्हतं तो सल्ला देई. भामा मध्ये बसून उत्तरं देत होती, जणू काय कोर्टात साक्ष आहे.

"पूर्वी परदेशात गेला होता का?" मास्तर.

"गोव्याक गेल्लंय."

"मावशे, गोवा परदेश नाय," बाबी म्हणाला.

"माझी आवस जाय तेवा होतो."

"आवशीचा नाय, तुझा इचारतत."

"कधी गुन्हा घडला आहे का?" मास्तर.

भामा विचारात पडली. मला माहीत होतं तिच्या डोक्यात काय आलं. काही वर्षांमागे एका पर्यटकाने तिच्या टोपलीवर मोटारसायकल घातली होती. तिने त्याच्या तोंडावर पाप्लेट मारलं होतं. पोलीस आले, हसले आणि गेले.

"लिव," ती म्हणाली. "पाप्लेट मारलंय."

"अगो, ते गुन्हो इचारतत," मी म्हटलं.

"मगे ता काय पुण्य होता?"

मास्तरांनी कशीबशी समजूत काढून तिथे 'नाही' असं लिहिलं. मग आला मुलांचा रकाना. मुलं किती? "दोन," भामा म्हणाली. एक वैशाली, एक बाबी. बाबीचं बोट थांबलं. तो मास्तरांकडे बघायला लागला, मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अगो, त्याचं आडनाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, तिथे सगळं तपासतात. ती म्हणाली, "तपासूंदे. हयसर येवंदे. वाडीत कोणाकय इचारूंदे." वाडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबर आहे, विचारू दे. ह्या लोकांना वाटत होतं की कॅनडाचा साहेब एसटीने उतरणार आणि नाक्यावर चौकशी करणार.

तर अशा रीतीने भामाने मुलं दोन लिहिली. ज्याला जन्मात कधी आई म्हणू दिलं नाही, त्याला सरकारदरबारी मुलगा म्हणून लिहिलं. सांगा, अशा बाईचं काय करायचं?

बोटांचे ठसे द्यायला बाबी तिला पुण्याला घेऊन गेला. परत आल्यावर ती वाट बघत राहिली. आणि नकार आला.

मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला. साहेबांना अशी खात्री वाटत नाही की तुम्ही मुदत संपल्यावर आपल्या देशात परत याल.

भामा उठली. पदर खांद्यावर घेतला. आणि म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं आहे."

शुद्ध मराठी. काकी कपबशा गोळा करून निघून गेली. मास्तरांनाही काहीतरी काम आठवलं.

तिला पोर भेटणार नाही याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे की कोणीतरी न बघता, कल्ला न उचलता तिला कालचा मासा म्हटलं होतं. ती दोन दिवस बाजारात गेली नाही. तिकडे वैशालीचं पोट वाढत होतं. फोनवर ती आता रडतही नव्हती. बरं आहे, बरं आहे, एवढंच म्हणायची, आणि ते रडण्याहून वाईट होतं. शेवटी बाबीने परस्पर रिक्षा दारात लावली आणि म्हणाला, "मावशे, कुडाळाक जावचा. बसतंस काय उचलू?"

डिसोजाबाईंचं ऑफिस म्हणजे एका बेकरीच्या वरची खोली. खाली पाव भाजायचा वास, वर फायली. बाई पन्नाशीच्या, जाड चष्मा, आवाज शाळेतल्या बाईसारखा. बाबी खालीच रिक्षात थांबला. भामा खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच सुरू झाली.

"आपण स्वतः कॅनडाला गेल्या आहात का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग आपण आम्हाला वाट कशी दाखवणार?"

माझी मान खाली. आता ह्या आम्हाला हाकलणार. पण डिसोजाबाईंनी चष्मा काढला, भामाकडे नीट बघितलं आणि आमच्या बोलीत विचारलं, "तुमी मासे इकतात मां?"

"इकतंय."

"दर्यात जातात?"

लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत कोणाच्या बोलण्यावर भामा गप्प झालेली मी पाहिली ती त्या दिवशी. मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "कागद बघा."

फीचं दोघींचं जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. दोघींनाही शोभणार नाही. मध्येच एकदा भामा जिन्यापर्यंत जाऊन परत आली, एवढंच सांगतो.

बाईंनी जुना अर्ज काढला आणि वाचता वाचता कपाळाला हात लावला. घर कोणाचं ह्या प्रश्नाला आम्ही सातबारा जोडला होता. आमचा सातबारा सामायिक, त्यावर सगळ्या भाऊबंदांची नावं, निम्मे मुंबईला आणि निम्मे स्वर्गात. "ह्यात तुमचो घोव खंयचो?" बाईंनी विचारलं. भामाने माझ्या नावावर बोट ठेवलं. "हो. मेलेल्या दोघांच्या मधी."

मग बाई मुलांच्या रकान्यावर आल्या.

"हा बाबी कोण?"

"माझो झील."

"आडनाव वेगळं दिसतं."

"भैणीचो."

"दत्तक घेतलाय? कागद आहे?"

"कागद कित्याक? मी काय म्हस इकत घेतलंय?"

बाईंनी शांतपणे सांगितलं की कागद नसेल तर त्यांच्या हिशेबाने तो भाचा. मुलगा लिहिलं आणि पुरावा नाही, तर त्यांना वाटतं बाई काहीतरी लपवते. मूल एक लिहायला हवं. पुन्हा नकार आला तर बाळंतपण तुमच्याशिवाय होईल.

भामा म्हणाली, "एक लिवूचा नाय."

मी भडकलो. मी म्हटलं, "अगो, थंय चेडू एकटा पडलाहा. एक लिव आणि मोकळी हो. बाबी खंय पळान जाता काय? एका आकड्यान तो परको होतलो काय?"

"तुमी गप रवा."

"कित्याक गप रवूचा? सगळ्या गावाक शिकवतंस, नि स्वतःच्या पोराक..."

तेवढ्यात दारात बाबी. भामा चष्मा रिक्षात विसरली होती, तो द्यायला आला होता. किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. चष्मा तिच्या हातात देऊन म्हणाला, "मावशे, एक लिव गो. माका काय फरक पडता?"

भामाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चष्म्याच्या काचा पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "तुका नाय पडत. माका पडता."

बाबी मोठा बाप्या माणूस. खाली पाव घेऊन येतो म्हणाला आणि जिना उतरला. खूप वेळ आला नाही.

डिसोजाबाईंनी अर्ज बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बाय, रकान्यात तो बसूचो नाय. पण अर्जाबरोबर एक पत्र जोडता येतं. त्यांना काय हवंय? तुम्ही परत का याल, एवढंच हवंय. ते पत्रात सांगा. बाबीचं तिथे सांगा."

"पत्र वाचता कोण?"

"जो निर्णय घेतो तोच साहेब."

"तोच? मधी कोण नाय?"

"मध्ये फक्त मी. तुम्ही बोलायचं, मी इंग्रजीत लिहायचं."

"कमीजास्त करूचा नाय."

"नाय करनंय."

आणि भामाने पत्र सांगितलं. ते मला जवळजवळ पाठ आहे, कारण सांगताना ती प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे असं बघत होती की चूक माझीच आहे. तिने सांगितलं की माझी पोटची मुलगी एक, ती तुमच्या देशात आहे. मी वाढवलेला एक, तो इथे आहे, त्याला मी जन्म दिला नाही आणि त्याच्या आईचं नाव मी पुसणार नाही, पण तो माझा आहे. त्याचं लग्न ठरवायचं आहे. मी नसले तर माझा नवरा कुठलीही मुलगी पसंत करील, त्याला माणसातलं काही कळत नाही. त्याला चहा करता येतो, पण त्यात साखर घालायचं लक्षात राहत नाही. माझा बाजारातला गाळा माझ्या आईचा होता, तो दुसऱ्या कोणी बळकावलेला मला चालणार नाही. म्हणून मी परत येणार. आपण मला न बघता खोटं ठरवलंत, ते मी मनात ठेवत नाही.

"शेवटचं वाक्य नको," डिसोजाबाई म्हणाल्या.

"कमीजास्त करूचा नाय, म्हटलंय."

बाईंनी लिहिलं. माझ्याबद्दलचंही सगळं जसंच्या तसं लिहिलं. कॅनडाच्या सरकारकडे आता अशी नोंद आहे की मला माणसातलं कळत नाही.

त्यांनी बाकीचे कागद नव्याने लावले, वैशालीकडून डॉक्टरांचं पत्र मागवलं, रकाना नीट भरला, मूल एक आणि भाचा पत्रात. ह्या वेळी मंजुरी आली. भामाने डिसोजाबाईंना सुरमई नेऊन दिली आणि त्यांच्याच टेबलावर ठेवून कल्ला उचलून दाखवला. घरी येताना मी म्हटलं, बघ, माणूस मध्ये घेतला म्हणून झालं. ती म्हणाली, "तिना काय केल्यान? सांगलंय तर मी." पुढे रिक्षात आमचं एकमेकांशी बोलणं झालं नाही. बाबी आरशातून हसत होता.

ती वेळेत पोचली. नात झाली. तिने तिकडच्या नर्सांशी वाद घातला, पोरीला तेल लावून न्हाऊ घातलं, वैशालीला शेक दिला, मेथीचे लाडू केले, आणि हे सगळं करताना रोज फोन करून मला जाळ्यांचं, बाबीला स्थळांचं, काकीला गाळ्याचं विचारायची. बर्फ पाहून ती हळहळली. "अवो, रस्त्यार फुकट पडलाहा," म्हणायची, "आनी थंय आमची मासळी कुसता." परतीचं तिकीट काढलेलं होतं. एका सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, त्रास झाला नाही. वैशालीने तिथेच सगळं केलं. जावई अस्थी घेऊन आला, बाबीने त्या खाडीत सोडल्या. मंत्र सांगायला आलेल्या भटजींनी विचारलं, तुमचं नातं काय? बाबीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

मी चिडून आहे. ज्या बाईने परत येईन असं साहेबाला लिहून दिलं, तिने दिला शब्द पाळायला नको होता? ती खोटं बोलली असं मी म्हणत नाही. पण ती असती तर हे असं कोणी केलेलं तिने खपवून घेतलं नसतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर. बाबीने मित्राची गाडी आणली होती. आत फक्त जाणाऱ्यालाच सोडतात. दारावरच्या शिपायाने पासपोर्ट बघितला, ती आत गेली आणि मोठ्या काचेच्या पलीकडे उभी राहून आमच्याकडे वळली. आणि बोलायला लागली. काही ऐकू येईना. ती बोट उचलून सांगत होती, एक, मग दुसरं, मग तिसरं. मी कानाला हात लावून दाखवला, ऐकू येत नाही. ती चिडली, तोंड आणखी मोठं करून बोलायला लागली. मागे सामानाच्या गाड्या अडकल्या. बाबी माझ्याशेजारी उभा राहून मान हलवत होता. व्हय. व्हय मावशे. व्हय. गणवेशातली एक मुलगी आली, भामाचा हात धरून तिला पुढे न्यायला लागली. भामाने हात सोडवून घेतला, आपली पिशवी आपण उचलली, बाबीकडे एकदा बघितलं आणि चालायला लागली. मागे वळली नाही. जांभळी साडी होती आणि पायांत नवे बूट. ते तिला सवयीचे नव्हते म्हणून ती जरा फाकून चालत होती.

नंतर फोनवर मी तिला विचारलं, काय सांगत होतीस तेव्हा? तर म्हणते, "बाबीक सगळा सांगलंय, तेका इचारा."

त्याला मी त्याच दिवशी विचारलं होतं, गाडीत बसता बसता.

"काय सांगी होती रे?"

"माका खंय ऐकाक इला?"

"मगे मान कित्याक हलय होतंस?"

बाबीने गाडी सुरू केली. समोर बघत म्हणाला, "नाय हलयली असती तर ती गेली असती काय?"